सांगेल तेच लिहायचं

टमाट्याची कळी उद्या उमलणार की परवा, हे पाकळीच्या रंगावरून कळतं. हिरवट पिवळी असली तर आजच चिमट्यानं खोलून आतला परागाचा शंकू काढायचा. पूर्ण पिवळी झाली म्हणजे उशीर झाला. ती आतल्या आत स्वतःचाच पराग घेऊन मोकळी झालेली असते आणि तिचं बी बियाण्याची कंपनी घेत नाही. सोनियाला हे उमगायला पहिल्या वर्षी पंधरा दिवस लागले होते. तिच्या मुलीला, तनुजाला, सव्वा महिना लागला. पण त्यानंतर तनुजाची कळी चुकली नाही.

सकाळचे साडेसात वाजले होते. शेडनेटच्या आत हवा आत्ताच कोंदट झाली होती. काल दुपारी चिमट्यानं खोलून ठेवलेल्या कळ्यांना आता पराग लावायचा होता. तनुजा पुढे होती. डाव्या हाताच्या बोटातल्या अंगठीवर बसवलेल्या इवल्याशा वाटीत पिवळी भुकटी होती. ती फुलाची मधली काडी त्यात बुडवायची आणि पुढच्या फुलाकडे जायची. तिच्या मागून मोनाली येत होती. फुलाखालच्या पाच हिरव्या टोकांपैकी दोन नखानं खुडायची, एवढंच तिचं काम. फळ धरलं की ही खूण राहते. दोन टोकं खुडलेलं फळ तेवढंच प्लॉटचं. बाकीची तोडून फेकायची.

"गुणसूत्रं किती माणसाच्या पेशीत?" मोनालीनं विचारलं.

"चौसष्ट."

"परत सांग."

तनुजा थांबली. अंगठीचा हात वर धरून ती वरच्या हिरव्या जाळीकडे बघत राहिली. "चार आन् सहा. चौसष्ट."

"शेहेचाळीस. परवाच सांगितलं तुला."

"तेच म्हणते मी."

दोन सऱ्या पलीकडून भामाबाई हसली. भामाबाई गावातच राहायची आणि तीन हंगाम या प्लॉटवर येत होती. "आगं मोनाले, काम करू दे तिला. तुही शाळा इथंच भरली का?"

"माझी नाय, तिची," मोनाली म्हणाली. "मला काय, मी नववीत हाय."

सोनियानं तिसऱ्या सरीतून दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. पुढच्या सरीत अजून पाऊणशे फुलं होती. अकराच्या आत झाली पाहिजेत. ऊन चढलं की फूल पराग धरत नाही. गावातल्या बाया कापूस वेचायला गेल्या होत्या, आणि हंगामाचे अठरा दिवस उरले होते. बन्सी शेंद्र्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. तो दुपारी येऊन पाणी आणि फवारणी बघायचा.

बन्सी उकर्डे सोनियाचा दुसरा नवरा. त्याची पहिली बायको काविळीनं गेली, तेव्हा मोनाली सहावीत होती. सोनियाचा पहिला नवरा टेम्पोसकट अजिंठ्याच्या घाटात गेला. दोन वर्षांपूर्वी सोयगावला, सोनियाच्या भावाच्या ओसरीवर लग्नाची बैठक झाली होती. तिथं बन्सीच्या आईनं, द्वारकाबाईनं, दहा माणसांसमोर सांगितलं होतं, "पोरगी दहावीपोहोत आमच्याकडं. दहावी पास झाली तर पुढंबी शिकवू, आमचीच म्हणून. नाय झाली तर तिचं मामा बघतील." सोनियाच्या भावानं मान हलवली होती. त्यानंतर चहा आला होता. तेव्हा तनुजा आठवीत होती आणि सोनियानं कुणाला सांगितलं नव्हतं की तिला धड्याच्या चार ओळींच्या पुढे वाचता येत नाही.

ते लपलं नाही. तनुजाला एकेक अक्षर सुटं करून जोडावं लागे. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात निसटलेली असे. लिहिताना काने गळत, वेलांट्या भलतीकडे जात, आकडे उलटे पडत. ऐकलेलं मात्र तिच्या डोक्यात राहायचं. गेल्या उन्हाळ्यात सोनियानं तिला घेऊन घाटीच्या सरकारी दवाखान्यात तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला कागद मिळाला: अध्ययन अक्षमता. द्वारकाबाईनं तो हातात घेतला नाही. "मेंदूचा कागद घरात आणला," ती म्हणाली. "उद्या मोनालीला पाव्हणे आले तर काय सांगायचं? घरात असं हाय म्हणून?" बन्सी चप्पल घालून बाहेर निघून गेला होता. कागद सोनियानं आधार कार्डांच्या पिशवीत तळाला ठेवला.

त्या कागदावर दहावीला लेखनिक मिळतो, हे शाळेनं सांगितलं. परीक्षेत तनुजानं बोलायचं आणि दुसऱ्या मुलीनं लिहायचं. लेखनिक एक इयत्ता खालची हवी. मोनाली नववीत होती आणि वर्गात पहिली यायची. महिनाभर दोघींचा सराव चालला होता. तनुजा परक्या माणसापुढे बोलत नसे. बाईंनी विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. मोनालीपुढे मात्र बोलायची. फॉर्म या शनिवारपर्यंत द्यायचा होता.

*

बुधवारी मुख्याध्यापकांनी सोनियाला बोलावलं. ती प्लॉटवरूनच गेली. टमाट्याच्या पाल्यानं बोटं काळी-हिरवी झाली होती. साबणानं घासली तर साबण हिरवा होतो, बोटं तशीच राहतात. ती खुर्चीत बसली आणि हात पदराखाली घेतले.

दाभाडे सरांनी चष्मा वर सरकवला. "तयारी बरी चालली आहे म्हणतात बाई. पण एक अडचण आहे. हे बघा." त्यांनी फॉर्म तिच्याकडे फिरवला आणि पेनाच्या टोकानं एक ओळ दाखवली. "लेखनिक परीक्षार्थीची नातेवाईक नको. मोनाली तुमच्या घरातलीच ना?"

"माझ्या मालकाची पोरगी हाय."

"आणि तनुजा?"

"माझी. पहिल्या घरची."

"तिचं नाव?"

"तनुजा रमेश सोळुंके."

"आणि ती मोनाली बन्सी उकर्डे." सरांनी दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहिली. "नाव लावून घेतलं नाही तुम्ही?"

"गेल्या वर्षी लावायचं म्हणत होते. राहून गेलं."

राहून गेलं नव्हतं. सोनियानं दोनदा विषय काढला होता. पहिल्यांदा बन्सी म्हणाला, पेरणी होऊ दे. दुसऱ्यांदा द्वारकाबाई म्हणाली, मेलेल्या माणसाचं नाव पुसू नये.

"राहिलं ते बरंच झालं," सर म्हणाले. "आई वेगळी, बाप वेगळा, आडनाव वेगळं. कागदावर नातं नाही. तिथं 'नाही' असं लिहून शनिवारी फॉर्म आणा. मी काही विचारणार नाही." मग आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "ताई, पोरगी पास होईल. तोंडी मी तिला ऐकलंय. मोनालीसोबत बसली तर होईल."

परत येताना सोनिया रस्त्याच्या कडेनं चालत होती. जालन्याकडे जाणाऱ्या गाड्यांचा धुरळा अंगावर येत होता. सर मोनालीसोबत म्हणाले होते. मोनाली नसली तर, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

*

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा सोनियानं सांगितलं. बन्सीनं घास थांबवला आणि तिच्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे सैल पडले.

"मग बरंच झालं की. नाव लावलं असतं तर पंचाईत झाली असती."

"व्हय," सोनिया म्हणाली.

"मी म्हणलं नव्हतं?" द्वारकाबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅसवर भाकरी नीट फुगत नाही म्हणून तिची चूल वेगळी होती. "म्हातारीचं कधी ऐकावं." तिनं तव्यावरची भाकरी उचलली आणि तनुजाच्या ताटात टाकली. मागितलेली नसताना तनुजाला दुसरी भाकरी ती रोज टाकायची. त्याबद्दल कधी बोलायची नाही.

"आज्जी, बास," तनुजा म्हणाली.

"खाय. चिमटा धरायला ताकद लागती."

मोनाली ताटाकडे बघत होती. "मी शाळेत तसंबी तेच सांगते," ती म्हणाली.

"काय?" बन्सीनं विचारलं.

"पोरी विचारतात, ही कोण तुझी. मी म्हणते, कुणी नाय. आमच्या घरी ऱ्हाते."

सोनियानं वरणाचं पातेलं पुढे ओढलं आणि बन्सीला वाढलं, मग मोनालीला, मग तनुजाला.

"काका," तनुजा बन्सीला म्हणाली, "नातं म्हंजे रक्ताचं फक्त?"

बन्सीनं पाणी प्यायलं. "कागदावर असंल ते."

"मग तुमचं आन् आईचं कागदावर हाय?"

"हाय की. ग्रामपंचायतीत."

तनुजानं भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यावर विचार करत तो चावला. द्वारकाबाई हसू दाबत म्हणाली, "वकील व्हय बाई तू. दहावी मरू दे."

*

गुरुवारी दुपारी कळ्या खोलून झाल्यावर मुली शाळेतून आल्या आणि शेडनेटच्या दाराशी, पाण्याच्या टाकीच्या सावलीत सरावाला बसल्या. तनुजा उकिडवी बसून बोलत होती. मोनाली मांडीवर वही घेऊन लिहीत होती. सोनिया चिमटे रॉकेलमध्ये धूत होती.

"परागण म्हणजे काय?" मोनालीनं वाचलं.

तनुजानं डोळे मिटले. "फुलातली पिवळी भुकटी मधल्या काडीच्या टोकाला लागती ते. टमाट्याचं फूल आपलं आपल्यालाच लावून घेतं. म्हणून आपण आदल्या दिवशी त्याचं काढून टाकतो आन् दुसऱ्याचं लावतो. नाय काढलं तर फळ धरतं पण जात बदलत नाय."

मोनालीचं पेन भराभर चाललं होतं. तनुजा बोलायची थांबली तरी ते चालूच राहिलं. सोनियानं हात फडक्याला पुसले आणि मागून वाकून पाहिलं. वहीत लिहिलं होतं: परागकोशातील परागकणांचे कुक्षीवर स्थानांतरण होणे यास परागण म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत.

वरच्या प्रश्नाचं उत्तर होतं, ४६. सोनियाला आठवत होतं, दहा मिनिटांपूर्वी तनुजा पुन्हा चौसष्ट म्हणाली होती.

"तनू, आत जाऊन घागर घेऊन ये," ती म्हणाली. तनुजा उठून गेल्यावर तिनं वहीवर बोट ठेवलं. "हे ती बोलली नाय."

"तिला तेच म्हणायचं होतं, मावशी."

"तिचं म्हणणं चांगलं होतं. आन् इथं ती चौसष्ट म्हणली, तू शेहेचाळीस लिहिलं."

"मग चूक लिहू?"

"लेखनिकानं काय करायचं सांगितलंय सरांनी?"

मोनाली पेनाचं टोपण दातात धरून बसली. ती तिच्या आईसारखी दिसायची. सोनियानं तिच्या आईला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं. "सांगंल तेच लिहायचं."

"परीक्षेत तिथं बाई उभी असती. तू तिच्या बोलण्याबाहेर एक अक्षर लिहिलं तर दोघींना उठवतील. तिचा पेपर जाईल आन् तुझंबी नाव खराब होईल."

"आन् नापास झाली तर?" मोनालीनं टोपण काढलं. तिचा आवाज सपाट होता. "तर ती सोयगावला जाणार ना?"

हे तिला हवं होतं की नको होतं, ते सोनियाला कळेना. दोन वर्षांत या मुलीच्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता आलं नव्हतं. तनुजाला पुस्तकापुढे कसं वाटत असेल, ते तिला अशा वेळी समजायचं.

"जाईल," सोनिया म्हणाली.

"मग माझ्यापुढं पराग कोण लावंल? भामाबाई लई हळू चालती."

सोनिया तिच्यासमोर खाली बसली. "माझ्याकडं बघ. ती सांगंल तेच लिहायचं. चूक तर चूक. माझ्या गळ्याची शपथ घे."

मोनालीनं गळ्याला हात लावला नाही. तिनं वहीचं पान उलटलं, कोरं पान काढलं आणि म्हणाली, "बरं." तनुजा घागर घेऊन आली तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून प्रश्न वाचायला घेतले. गुणसूत्रांच्या प्रश्नाला तनुजा पुन्हा अडखळली. मोनालीनं ती बोलेपर्यंत वाट पाहिली आणि ६४ लिहिलं. लिहिताना कागद फाटला.

*

शुक्रवारी आभाळ भरून आलं आणि वारा सुटला. शेडनेटची एक बाजू फाटली, ती बन्सीनं आणि सोनियानं तारेनं शिवली. सोनिया तार ओढताना तनुजाला विचारत होती.

"सरांनी विचारलं, मोनाली तुझी कोण लागती, तर?"

"कुणी नाय."

"नातं हाय का?"

"नाय."

"पक्कं?"

"पक्कं." तनुजानं खालून तार वर दिली. "पण आई, सरांना तर माहिती हाय."

"सरांना माहिती असलं तरी."

बन्सी शिडीवरून म्हणाला, "पोरी, एक शब्द हाय. दोन वर्षं सांभाळलं, एका शब्दानं वाया घालवू नको." त्याचा सूर रागाचा नव्हता. तो जाळीची गाठ मारत होता आणि दातात तार होती. तरीही सोनियाला ते 'सांभाळलं' दिवसभर टोचत राहिलं.

*

शनिवारी बन्सीनं रजा टाकली. कळ्यांचं भामाबाईवर सोपवलं. ती म्हणाली, "जा तुमी. माझी नात बोलावते मदतीला, यशोधरा. शाळा सुटली की येईल." चौघं शाळेत गेली. कोरा फॉर्म सोनियानं प्लास्टिकच्या पिशवीत घेतला होता. 'नाही' लिहायचं ते मोनाली तिथंच लिहिणार होती, कारण तिचं अक्षर चांगलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत खिडकीपाशी एक अनोळखी मॅडम बसल्या होत्या. सुती साडी, मांडीवर फाइल. दाभाडे सर उभे राहिले आणि सोनियाकडे न बघता म्हणाले, "या बोर्डाच्या मॅडम, शहरातून आल्या आहेत. यंदा लेखनिकांची चाचणी त्या स्वतः घेणार आहेत."

सोनियानं पिशवी छातीशी धरली.

मॅडमनी मुलींना टेबलापाशी बसवलं. त्यांचा आवाज मऊ होता. "तनुजा, घाबरू नको. मी विचारेन, तू हिला सांगायचं. ही लिहील. पाठ केलेलं नको. तुला जे माहीत आहे ते सांगायचं. आणि तू," त्या मोनालीला म्हणाल्या, "ती सांगेल तेच."

तनुजा पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. पहिल्या प्रश्नाला बराच वेळ गेला. बन्सीनं घसा खाकरला. सोनियानं त्याच्या कोपराला हात लावून थांबवलं. मग तनुजानं मान मोनालीकडे वळवली, फक्त तिच्याकडे, आणि बोलायला लागली. परागण आलं. तिनं फुलातली भुकटी सांगितली, चिमटा सांगितला, जात सांगितली. मॅडमनी लिहिता लिहिता वर पाहिलं.

"गुणसूत्रं?"

"चौसष्ट."

मोनालीचं पेन थबकलं. मग तिनं सहा आणि चार काढले.

"छान," मॅडम म्हणाल्या. ते उत्तराला होतं की लिहिण्याला, कळलं नाही. "आता शेवटचं. हा फॉर्म. तोही तूच सांग, ही भरेल. ओळ मी वाचते. परीक्षार्थीचं नाव?"

"तनुजा रमेश सोळुंके."

"जन्मतारीख?"

तनुजानं सांगितली. एकदा चुकली, पुन्हा सांगितली. मोनालीनं आधीचं खोडून नवं लिहिलं.

"लेखनिकाचं नाव?"

"मोनाली बन्सी उकर्डे."

"लेखनिकाशी नातं?"

दाभाडे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मैदानात मुलं कबड्डी खेळत होती. आवाज आत येत होता. तनुजानं मोनालीकडे पाहिलं. माहीत नसलेल्या उत्तरासाठी ती बघायची तसं नव्हतं ते.

"बहीण," ती म्हणाली.

बन्सीच्या तोंडून श्वास सुटला. मोनालीचं पेन कागदापासून बोटभर वर राहिलं. तिनं मान वर करून सोनियाकडे पाहिलं, सरळ, आणि पाहतच राहिली. लिहिण्याच्या जागेला दोनच अक्षरं लागत होती. तनुजाला ती वाचायला वेळ लागला असता. मॅडम फाइलमध्ये बघत होत्या. ना-ही. सोनियानं मान हलवली असती तर मोनालीनं ते लिहिलं असतं. सोनियाला हे त्या क्षणी स्वच्छ कळलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला तो चेहरा वाचता आला.

तिनं मान हलवली नाही. हलवायची नाही असं तिनं ठरवलंही नव्हतं. तिनं फक्त आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं, आणि पुन्हा वर बघितलं तेव्हा मोनाली लिहीत होती.

मॅडमनी फॉर्म फिरवून घेतला. वाचला. चष्मा काढला.

"लेखन अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सांगितलं तसंच लिहिलंय. पण ही लेखनिक चालणार नाही." त्यांनी दाभाडे सरांकडे पाहिलं. सरांनी टेबलावरचा पेपरवेट जागचा हलवला. "नववीतली दुसरी कुणी आणा. सोमवारी अकरापर्यंत. त्यानंतर माझ्या हातात नाही."

*

मोटारसायकलवर बन्सी आणि दोघी मुली, आणि सोनिया मागच्या रिक्षात. घराशी पोचली तेव्हा ते तिघं ओट्यावर होते आणि द्वारकाबाई उंबऱ्यात.

"काय झालं?" तिनं विचारलं. बन्सी हेल्मेट हातात फिरवत होता. "एक शब्द सांगितला होता," तो म्हणाला. "एकच." तनुजा ओट्याच्या कडेला बसली होती, हात मांड्यांखाली घालून.

"मी बहीण लिहिलं," मोनाली म्हणाली.

द्वारकाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "तू लिहिलं का ती म्हणली?"

"ती म्हणली. मी लिहिलं."

"आन् ही?" म्हातारीनं हनुवटीनं सोनियाकडे दाखवलं. "ही व्हती ना तिथं?"

"व्हते," सोनिया म्हणाली.

द्वारकाबाई बराच वेळ उंबऱ्याच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला गुडघ्याचा त्रास होता. ती उगीच उभी राहायची नाही. मग ती खाली उतरली, चप्पल पायात सरकवली.

"नववीत दुसरं कोण हाय?" तिनं विचारलं.

"माय, तू कुठं चालली?" बन्सी म्हणाला.

"कोण हाय सांग ना. भामाची नात नववीत का आठवीत?"

"नववीत," मोनाली म्हणाली.

"मग मी सांगते भामाला. तुमी सांगसाल तर ती म्हणंल, बघू." आणि ती शेडनेटच्या रस्त्याला लागली. बांधावरून जाताना एकदा थांबली, गुडघ्यावर हात ठेवला, पुन्हा चालू लागली. भामाबाईच्या घरी ती कधी गेली नव्हती. प्लॉटवरही तिला चहा दुसऱ्याच्या हातानं पाठवायची.

*

चार वाजता ऊन उतरलं. भामाबाईच्या एकटीनं थोड्याच खोलून झाल्या होत्या, बाकी कळ्या तशाच होत्या. एक दिवस चुकला तर उद्या त्या पिवळ्या होतील आणि हाताशी येणार नाहीत. सोनिया, मोनाली आणि भामाबाई आत गेल्या. बन्सीही चिमटा घेऊन आला. त्याचं बोट जाड होतं, त्याच्यानं दर चौथी कळी मोडायची.

दाराशी, टाकीच्या सावलीत, यशोधरा बसली होती. तेलानं चोपडलेल्या दोन वेण्या, मांडीवर नवी वही. तनुजा तिच्यासमोर उकिडवी. मोनालीनं त्यांच्यापासून लांबची, पार पलीकडची सरी धरली होती, पाठ त्यांच्याकडे करून. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"परागण म्हंजे काय?" यशोधरानं वाचलं.

तनुजा अंगठ्याकडे बघत होती. सोनियाच्या चिमट्यात एक कळी धरलेली होती. तिनं पाकळी सोलली, आतला पिवळा शंकू अलगद वर ओढला, टाकला. दुसरी कळी. तिसरी. मागून काहीच येत नव्हतं. सहावी. पलीकडच्या सरीत मोनालीचा हात कळीवर थांबलेला होता. भामाबाई तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. द्वारकाबाई टाकीला टेकून बसली होती, गुडघा चोळत. सगळ्या प्लॉटमध्ये फक्त जाळीवर फडफडणारी सैल तार ऐकू येत होती.

अकरावी. बारावी.

"फुलातली," तनुजा म्हणाली.

"काय?" यशोधरा पुढे वाकली. "ऐकू नाय आलं. परत सांग."

सोनियानं चिमटा धरून ठेवला. मग तनुजानं मान वर केली आणि परत सांगितलं.